तंबू कुठे मिळेल?

परवा भाचीचा फोन आला. "मामा, तंबू कुठे मिळेल? चांगला, पण स्वस्त." तिचा कॉलेजचा ग्रुप माहुलीच्या पायथ्याशी मुक्कामाला जाणार होता.

आता सगळा जन्म डोंबिवलीत गेलेल्या मामाला विचारायचंच तर दिवाळीचा कंदील कुठे चांगला मिळतो ते विचारावं. तंबू? आमच्या वेळी ट्रेक म्हणजे रात्री देवळात नाहीतर गुहेत आडवं व्हायचं. अगदीच लागलं तर घरातली ताडपत्री बरोबर. पण भाचीसमोर अब्रूचा प्रश्न होता. "बघतो," म्हटलं आणि आधी ओळखीच्या मांडववाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "किती पानं उठणार आहेत?"

घरी येऊन विचार करत बसलो. डेरा, राहुटी, पाल, कनात, शामियाना... आपल्या भाषेत या वस्तूला इतके शब्द, आणि दुकान मात्र एकही आठवू नये! मग लक्षात आलं, की तंबू ही आपल्याकडे विकत घ्यायची वस्तू कधी नव्हतीच.

शिवाजी महाराजांच्या राज्यातले अठरा कारखाने आपण शाळेत पाठ केले होते. त्यातला एक फरासखाना. तंबू, कनाती, बिछायती सांभाळणारं हे खातं. पुण्यातल्या फरासखाना पोलीस चौकीच्या नावात ते अजून शिल्लक आहे. म्हणजे तंबू सरकारचा. सरदाराचा डेरा किती मोठा, यावर त्याचा मान. मराठ्यांच्या हलक्या फौजेचा सगळा जोर सामान कमी असण्यावर होता, तेव्हा साध्या स्वाराच्या वाट्याला घोंगडी आणि आभाळ. भाची जिथे निघाली होती त्या माहुलीलाच १६३६ साली शहाजीराजे मोगल आणि आदिलशाही फौजांच्या वेढ्यात सापडले होते. गडाच्या आसमंतात तेव्हा किती राहुट्या पडल्या असतील! पण त्यातली एकही कुणी हौसेने ठोकलेली नव्हती.

पुढे इंग्रज आले. पावसाळा संपला की साहेब जिल्ह्याच्या फिरतीवर निघायचा. बरेचदा तंबूंचे दोन संच असत. एकात साहेब झोपलेला असताना दुसरा बैलगाडीतून पुढच्या गावी जायचा, म्हणजे सकाळी साहेब पोचेपर्यंत कचेरी उभी. जुन्या कागदांत 'मुक्काम अमुक' असं लिहिलेलं आढळतं ना, ते या फिरत्या जगातलं. आणि आपण? तीन पिढ्या एकाच चाळीत काढून पत्त्यावर अजूनही 'मु. पो.' लिहितो :)

सरकारी नसलेला तंबू सामान्य माणसाने पाहिला तो तिकीट काढून. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये पहिली भारतीय सर्कस सुरू केली. मग तमाशाचे फड आले, टुरिंग टॉकीज आली. आणि ज्यांना घरच नव्हतं, त्यांची गावाबाहेर पालं. सरकार, साहेब, सर्कस आणि बेघर. तंबूत राहणारे हे एवढेच. घर असलेला माणूस दमड्या मोजून तंबू कशाला घेईल?

असो. शेवटी ऑफिसातल्या मित्राने सुचवलं, "कॅम्पात बघ ना."

कल्याण-डोंबिवलीत 'कॅम्प' म्हटलं की उल्हासनगर, हे सांगायला नकोच. तरी बाहेरगावच्या नातेवाइकांसाठी सांगतो. दुसऱ्या महायुद्धात इथे कल्याणची मोठी लष्करी छावणी होती. युद्ध संपलं, छावणी ओस पडली. तेवढ्यात फाळणी झाली आणि सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना या रिकाम्या छावण्यांत आणून ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते इथे नव्या नगराचा पाया घातला गेला. उल्हास नदीवरून उल्हासनगर. पुढे १९९६ मध्ये महानगरपालिकासुद्धा झाली. पण रिक्षावाल्याला आजही 'कॅम्प नंबर चार'च सांगावं लागतं.

तर मी विठ्ठलवाडीला उतरलो आणि चार नंबरला गेलो. बॅगा, गाडीची कव्हरं, ताडपत्र्या विकणारं एक दुकान सापडलं. मुलगा गिऱ्हाइकं बघत होता आणि गल्ल्यामागे ऐंशीच्या पुढचे एक काका बसले होते. तंबू होता! किंमत ऐकून मी खूश. पैसे काढणार, तेवढ्यात काकांनी हात पुढे करून तो उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "कोणासाठी?"

"भाचीसाठी."

"मग हा नको. पाणी कापडातून नाही येत भाऊ, शिवणीतून येतं. आतून पट्टी चिकटवलेली पाहिजे."

मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी हसलो. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "घर आहे ना तिला? मग टेंटमध्ये कशाला झोपते?"

मी म्हटलं, "मजा म्हणून."

ते जरा वेळ गप्प बसले. मग सांगू लागले. १९४८ साली ते सहा वर्षांचे होते. त्यांच्या वाट्याला तंबू नाही, बराक आली. लांबलचक हॉल, त्यात कितीतरी कुटुंबं. मध्ये गोणपाट आणि आईच्या साड्यांचे पडदे. रात्री पलीकडचं कुणी रडलं की अलीकडे ऐकू यायचं. "आई रोज म्हणायची, थोडे दिवस, मग घरी जाऊ." आणि एकदम म्हणाले, "मजा म्हणून... चांगलं आहे. चांगले दिवस आले म्हणायचे."

त्यात टोमणा नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. पण परतीच्या लोकलमध्ये ते वाक्य काही सुटेना. चार दिवसांची म्हणून केलेली सोय, तिचं शहर झालं आणि त्याला पाऊणशे वर्षं झाली. आणि मी तिथे माझ्या भाचीच्या दोन रात्रींची सोय शोधत होतो.

तंबू अखेर ठाण्याला, एका मॉलमधल्या खेळाच्या सामानाच्या मोठ्या दुकानात घेतला. जरा महाग पडला, पण तिथे तंबू उभे करून ठेवलेले असतात, आत शिरून बघता येतं. तुम्हाला घ्यायचाच असेल तर माझं चार पैशांचं शहाणपण: कापड दुहेरी हवं, आत जाळी आणि वर वेगळं छत, नाहीतर थंडीत स्वतःच्याच श्वासाचं पाणी अंगावर गळतं. लेबलवर १५००, २००० असे मिलिमीटर लिहिलेले असतात. तितक्या उंचीच्या पाण्याचा दाब कापड सोसतं, असा त्याचा अर्थ. आपल्या पावसाला जास्त आकडा बरा. वजन तीन किलोच्या आत असावं. वर्षातून एकदाच जाणार असाल तर सरळ भाड्याने आणा. आणि निघण्याआधी एकदा घरातल्या हॉलमध्ये उभा करून बघा.

शिवण मी तिथेही उलटी करून पाहिली. अंगठा फिरवला. पट्टी होती.

भाची जाऊन आली. रात्री वारा सुटला, एक मेख उपटली, तणावे पुन्हा बांधावे लागले, पण पाणी आत आलं नाही. "मामा, इतकी मस्त झोप लागली! पण घरी आल्यावर गादीवर पडले ना, तेव्हा खरं बरं वाटलं."

पुढच्या आठवड्यात कॅम्पात जाऊन काकांना हे सांगायचं आहे.