परक्या जोडणीचा इतिहास: हश-अ-फोन ते ऑप्टिकल मॉड्यूल

नेटवर्क स्विचमध्ये दुसऱ्या कंपनीचे ऑप्टिकल मॉड्यूल बसवले, की काही स्विच त्याच्या स्मृतीतील ओळख वाचतात आणि ते पोर्टच बंद करतात. लेसर, तरंगलांबी, वेग सारे जुळत असूनही. हा वाद आजचा वाटतो. त्याची वंशावळ मात्र अमेरिकेच्या टेलिफोनपर्यंत जाते. आजचा धागा त्याविषयी.

एटी अँड टी कंपनीच्या दरपत्रकात एक अट असे: कंपनीने न पुरवलेली कोणतीही वस्तू ग्राहकाने टेलिफोनला जोडू नये. अशा वस्तूंना ‘परक्या जोडण्या’ म्हणत. हश-अ-फोन ही त्यांतलीच एक. बोलणे शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून टेलिफोनच्या मुखाशी बसवायची साधी खोळ. तिच्यात ना तार, ना वीज. तरीही फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने कंपनीची बाजू उचलून धरली. १९५६ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. इतरांचे नुकसान होत नसेल, तर ग्राहकाने आपला टेलिफोन आपल्या सोयीने वापरावा, असा त्याचा आशय होता.

पुढे टेक्सासच्या थॉमस कार्टर यांनी टेलिफोनचा रिसीव्हर ठेवून संभाषण वायरलेसवर पोहोचवणारे यंत्र विकायला काढले. १९५९ ते १९६६ या काळात अशी सुमारे ३,५०० यंत्रे खपली. १९६८ मध्ये कमिशनने सरसकट बंदीच बेकायदा ठरवली.

येथे कथा संपत नाही. खरे तर येथून ती रंगते. कंपनीने परकी यंत्रे जोडू दिली, परंतु मध्ये स्वतःचे ‘संरक्षक’ उपकरण बसवण्याची सक्ती केली, आणि त्याचे भाडे लावले. दार उघडे, पण उंबरठ्यावर जकात! १९७५ मध्ये कमिशनने नोंदणीची पद्धत आखली: ठरलेल्या चाचण्यांत उतरलेले यंत्र थेट जोडता येईल.

आता सन २०००. विद्युतसंकेताचा प्रकाश आणि प्रकाशाचा विद्युतसंकेत करणाऱ्या चिमुकल्या मॉड्यूलचा आकार, खटका आणि विद्युतजोडणी यांवर अनेक उत्पादकांनी करार केला. त्यातूनच एसएफपी जन्माला आले. स्वाक्षरी करणाऱ्यांत फिनिसार, आयबीएम आणि ल्यूसेंट होते. (ल्यूसेंट ही एटी अँड टीच्याच उपकरणनिर्मितीची वारस, हा इतिहासाचा एक खट्याळपणा.) कोणाचेही मॉड्यूल कोणाच्याही स्विचमध्ये बसावे, हाच कराराचा गाभा.

पण मॉड्यूलच्या स्मृतीत उत्पादकाचे नाव, भाग क्रमांक, अनुक्रमांक यांच्या जागा ठरवल्यावर ९६ ते १२७ हे ३२ बाइट ज्याच्या त्याच्या वापरासाठी मोकळे सोडले गेले. कुलूप बसले ते अशाच जागांत. सिस्कोसारख्या कंपनीचा स्विच तेथील सांकेतिक खूण तपासतो. न जुळल्यास पोर्ट बंद. काही मॉडेलांवर ‘सर्व्हिस अनसपोर्टेड-ट्रान्सीव्हर’ ही आज्ञा देऊन ते उघडता येते. त्रयस्थ विक्रेते तर हवी ती ओळख लिहूनच माल पाठवतात. गंमत अशी, की कंपनीचा शिक्का असलेली मॉड्यूलेही पुष्कळदा इतर उत्पादकांकडूनच घडवून घेतलेली असतात.

म्हणून स्मृतीतील नाव हा पुरावा नव्हे. बनावट ताम्रपट पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. जुने, पुन्हा विक्रीस काढलेले मॉड्यूल घेताना नावापेक्षा झीज पाहावी. निदानाची सोय असलेले मॉड्यूल तापमान, व्होल्टेज, लेसरचा प्रवाह, पाठवलेला आणि मिळालेला प्रकाश हे पाच आकडे सांगते. लेसर म्हातारा झाला, की तेवढाच प्रकाश देण्यासाठी त्याला अधिक प्रवाह लागतो. त्याच जातीच्या नव्या मॉड्यूलशी, सारख्या तापमानाला, हा आकडा ताडून पाहावा.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. दुरुस्तीचा भार त्यांच्यावर असतो आणि वाईट मॉड्यूलमुळे खरोखर दुवे तुटतात. सिस्कोचे जाहीर धोरणही असे, की बिघाडाचे मूळ त्रयस्थ भागात दिसले तर साहाय्य नाकारता येईल. अमेरिकेतील १९७५ चा मॅग्नुसन-मॉस कायदा विशिष्ट कंपनीचाच भाग वापरण्याची अट हमीला जोडू देत नाही, पण तो घरगुती वस्तूंपुरता. डेटा सेंटरच्या खरेदीला त्याचा आधार नाही. अनुभवी नेटवर्क अभियंते त्यामुळे सारे दुवे त्रयस्थ मॉड्यूलांवर चालवतात आणि कंपनीच्या शिक्क्याची एक जोडी कपाटात राखून ठेवतात. तक्रारीचा फोन लावण्याआधी ती बाहेर निघते.