वाड्याचे वारस

दिल्लीतील सरोजिनी नगर ही स्वातंत्र्यानंतर विनयनगर या नावाने वसलेली सरकारी नोकरांची वसाहत. तेथील घर नोकरीपुरते. निवृत्ती आली की किल्ली सरकारजमा. अशा बिऱ्हाडांत वडिलोपार्जित भिंतींवरून कलह होण्याचे कारणच नव्हते. गावाकडच्या घरावरून तो होई, ही गोष्ट निराळी.

महेश एलकुंचवार यांच्या, १९८५ साली विजया मेहता यांनी रंगभूमीवर आणलेल्या ‘वाडा चिरेबंदी’ या नाटकात ती भिंत उभी आहे. विदर्भातील धरणगावकर देशपांड्यांच्या घरातले कर्ते पुरुष तात्याजी निवर्तले आहेत. थोरल्या भास्कराला घराण्याच्या इतमामास शोभेल अशी तेरवी हवी; मुंबईहून आलेला सुधीर खर्च कोठून करावयाचा, असे विचारतो. वारसा दोघांनाही हवा आहे. पण एकाच्या लेखी तो लौकिक, तर दुसऱ्याच्या लेखी वाटणी. बहीण प्रभा हिचे शिक्षण या लौकिकापायीच खुंटले. तिला वाडा हा कोंडवाडाच वाटला तर नवल कसले? शेवटी भास्कराची मुलगी रंजू पिढीजात दागिने घेऊन शिकवणीच्या मास्तराबरोबर पळून जाते, आणि ज्या सोन्यावरून मने दुभंगली ते सोनेच हातचे जाते. अंगणातला ट्रॅक्टर तेवढा गंजत राहतो.

वसंत देव यांनी या नाटकाचा हिंदी अनुवाद केला. त्याचे नाव ‘विरासत’.