आठवड्याला आठ पै

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला महालात दोन कामांसाठी हमखास बोलावतात. एक, लग्नात आहेराच्या पाकिटांचा हिशेब लिहायला. आणि दोन, कुठल्याही समितीचा खजिनदार व्हायला. पहिल्या कामात निदान जेवण मिळते.

आमच्या शाळेची शताब्दी जवळ आली तेव्हा दुसऱ्या कामाचे बोलावणे आले. शाळेचे नाव मी इथे सांगत नाही. मंडळी वर्गणी मागायला तुमच्याकडे येतीलच, तेव्हा पावतीवर दिसेल. सभा केळीबाग रोडवरच्या एका वकिलांच्या ओसरीवर भरली होती. छप्पर गळते, विज्ञानाच्या खोलीत पावसाळ्यात पाण्याचे गुणधर्म वेगळे शिकवावे लागत नाहीत, तेव्हा निधी गोळा केलाच पाहिजे, यावर सर्वांचे एकमत झाले. योजनाही तयार होती. लाख रुपये देणाऱ्याचे नाव संगमरवरावर, पन्नास हजारवाल्याचे वर्गाच्या दारावर आणि पाच हजारवाल्याचे पंख्याच्या पात्यावर.

"पण पंखा फिरताना नाव वाचता येणार नाही," मी म्हणालो. "आणि नाव वाचता आलं, म्हणजे पंखा बंद."

"तू हिशेबाचं पाहा ना बाप्पा," अध्यक्ष म्हणाले. "आणि हो, तू कुठंकुठं लिहीत असतोस म्हणे. मग स्मरणिकेत शाळेचा इतिहास लिहून टाक. शाळा जुनी वाटली पाहिजे."

"शंभर वर्षांची आहे, वाटेलच."

"अजून जुनी."

बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात घसारा काढायला शिकवतात, वय वाढवायला शिकवत नाहीत. तरी मी कामाला लागलो. आमच्या शाळेचे वय वाढवता येत नाही हे लवकरच कळले. मग निदान नागपुरात इंग्रजी वळणाची शाळा मुळात आली कशी आणि कुणाच्या पैशाने, ते पाहू म्हटले. तो माग काढत गेलो तो थेट स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश पाद्र्यापाशी पोचलो.

हिस्लॉप हे नाव नागपूरकराला नवे नाही. सिव्हिल लाइन्समधले हिस्लॉप कॉलेज सर्वांना ठाऊक आहे. पण हे कॉलेज मूळचे आमच्या महालातले, चिटणीस पार्काच्या बाजूचे, हे सांगितले की सिव्हिल लाइन्सवाले आपल्याकडे संशयाने पाहतात. कॉलेज निघाले १८८३ साली. १९४० च्या सुमारास ते महाल सोडून तिकडे गेले. चांगली माणसे महाल सोडून मोठ्या बंगल्यात राहायला जातात, ही तक्रार आमच्याकडे तेव्हापासूनची आहे.

कॉलेजच्या आधी शाळा होती. हिस्लॉप नागपुरात आले ते फेब्रुवारी १८४५ मध्ये. तेव्हा इथे तिसऱ्या रघूजी भोसल्यांचे राज्य होते, सीताबर्डीला कंपनी सरकारचा रेसिडेंट होता आणि कामठीला छावणी. रेल्वे यायला अजून बावीस वर्षे होती. पुढच्याच वर्षी हिस्लॉपनी शाळा उघडली. इंग्रजी, गणित, भूगोल आणि बायबल असा तो चौरस आहार होता. पालकांनी पहिले तीन पदार्थ आवडीने वाढून घेतले आणि चौथा ताटाच्या कडेला सारून ठेवला. याबाबतीत पालक फार सावध असत. मुंबईत १८३९ साली जॉन विल्सन यांच्या शाळेतले पारशी तरुण ख्रिस्ती झाले, तेव्हा एका झटक्यात शाळेचे वर्ग ओस पडले होते. पाद्र्याला मूल हवे होते, बापाला मुलाची नोकरी हवी होती, आणि मुलाला बहुधा मधली सुट्टी. या तिघांच्या ओढाताणीतून आपल्याकडचे इंग्रजी शिक्षण उभे राहिले आहे.

पण माझे डोके अडकले ते पैशात. खजिनदाराचे दुसरे कुठे अडकणार? या शाळेसाठी मूळ रक्कम दिली मद्रासच्या फौजेतल्या विल्यम हिल नावाच्या अधिकाऱ्याने. पत्नी वारली, तिच्या स्मरणार्थ नागपुरात मिशन काढा म्हणून. म्हणजे स्मरणार्थ देणगी ही आमच्या अध्यक्षांची कल्पना नव्हे. फक्त तेव्हा पंखे नव्हते.

त्याहून गंमत पुढे आहे. ज्या चर्चने हे काम अंगावर घेतले, ते फ्री चर्च तेव्हा जेमतेम वर्षभराचे होते आणि त्याच्या गाठीला काही म्हणता काही नव्हते. १८४३ च्या मे महिन्यात स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. गावचा पाद्री कोणी नेमायचा, जमीनदाराने की गावाने, यावरून भांडण होते. साडेचारशेहून अधिक पाद्री उठले आणि बाहेर पडले. पगार गेला, राहते घर गेले, चर्चची इमारत गेली. आपल्याकडेही माणसे तत्त्वासाठी राजीनामा देतात, पण क्वार्टर सोडल्याचे उदाहरण विरळा. हिंदुस्थानातले मिशनरीही बाहेर पडणाऱ्यांबरोबर गेले, तेव्हा मुंबईत विल्सनना शाळेची नवी इमारत जुन्या चर्चच्या हवाली करावी लागली.

मग एवढ्यांच्या पगाराची सोय कशी झाली? थॉमस चामर्स नावाचे त्यांचे पुढारी होते. त्यांनी हिशेब मांडला: श्रीमंताच्या थैलीवर विसंबू नका, प्रत्येकाकडून आठवड्याला एक पेनी घ्या. एक पेनी म्हणजे त्या काळच्या आपल्या हिशेबात साधारण आठ पै. वर्षाच्या बावन्न आठवड्यांचे झाले दोन रुपये, दोन आणे, आठ पै. हे मी दोनदा करून पाहिले, बरोबर आहे. एवढ्याशा रकमेतून पाद्र्यांचे पगार निघाले, नवी चर्चे उभी राहिली आणि शाळाही निघाल्या.

चामर्सही या हिशेबाचे मूळ धनी नव्हते. त्यांच्या शंभर वर्षे आधी मेथडिस्टांनी तेच केले होते. मेथडिस्ट हे नाव म्हणजे मुळात टवाळी. ऑक्सफर्डमध्ये वेस्ली बंधू आणि त्यांचे मित्र घड्याळ लावल्यासारखे वाचन, प्रार्थना आणि तुरुंगातल्या कैद्यांची विचारपूस करत. म्हणून इतर पोरांनी त्यांना 'पद्धतशीर' म्हणून चिडवले. वक्तशीरपणाची टवाळी करायची पद्धत विलायतेतही आहे, हे वाचून बरे वाटले. आमच्या शाखेत मी दहाला पोचतो म्हणून मलाही लोक असेच हसतात.

तर १७४२ साली ब्रिस्टल गावी या मेथडिस्टांच्या डोक्यावर सभागृहाचे कर्ज होते. ते फेडायचे कसे, यावर बैठक बसली. फॉय नावाचा एक कॅप्टन म्हणाला, दर माणशी आठवड्याला एक पेनी घेऊ. कुणीतरी अडवले की इथले बरेच जण गरीब आहेत, त्यांना तेवढीही जमायची नाही. तेव्हा तो म्हणाला, मग त्यातले सगळ्यात गरीब असे अकरा जण माझ्याकडे सोपवा. ज्यांना जमेल ते देतील. ज्यांना जमणार नाही, त्यांची मी भरीन. तसेच ठरले. बारा-बाराचे गट झाले, एकेक जण दर आठवड्याला घरोघर जाऊ लागला. पेनी मागायला दारात उभे राहिले की आतले दिसते: कोण आजारी आहे, कुणाची चूल पेटलेली नाही, कोण पिऊन पडला आहे. पुढे कर्ज बाजूलाच राहिले आणि हे घरोघर जाणेच त्या पंथाचा कणा झाले.

हे सगळे मी पुढच्या सभेत मोठ्या उत्साहाने सांगितले.

"म्हणजे तुला म्हणायचं काय?" अध्यक्षांनी विचारले.

"माजी विद्यार्थ्यांकडून आठवड्याला दहा-दहा रुपये घेऊ."

"अन् ते गोळा करत कोण हिंडेल? क्यूआर कोड चिकटवून दे ना भिंतीवर."

"क्यूआर कोडला आतलं दिसत नाही," मी म्हणालो. यावर कोणी काही बोलले नाही. चहा आला होता.

एका सभासदाने मात्र हिस्लॉपबद्दल चौकशी केली. मी सांगितले की माणूस शाळा सुटली की दगड गोळा करायला निघे. "ठेकेदारी होती काय जी त्यांची?" असे त्यांनी विचारले. ठेकेदारी नव्हती. नागपूरजवळच्या टाकळीला हिस्लॉप आणि त्यांचे सोबती रॉबर्ट हंटर यांना काळ्या दगडांच्या थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचे आणि वनस्पतींचे जीवाश्म सापडले. १८५५ साली त्यांचा नागपूरच्या भूगर्भावरचा निबंध लंडनच्या भूगर्भ संस्थेच्या नियतकालिकात छापून आला. आज टाकळीत लोक प्लॉटचे भाव विचारतात, तिथे हा माणूस गुडघ्यांवर बसून शिंपल्या वेचत होता. हे नागपूर ज्या गोंड राजाने वसवले, त्याच्या जमातीची भाषा आणि लिंगोची कथाही हिस्लॉपनी टिपून ठेवली. ते कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापले. ते पाहायला हिस्लॉप नव्हते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टेंपल यांच्या लवाजम्याबरोबर ते टाकळघाटची जुनी शिलावर्तुळे पाहायला गेले होते. मंडळी पुढे निघाली, हे एक शाळा तपासायला मागे राहिले, आणि संध्याकाळी परतताना पुराच्या पाण्यात बुडाले. वय अवघे पंचेचाळीस. धर्माच्या बाबतीत त्यांच्याशी कुणाचे पटो न पटो, पण शाळा तपासायला मागे राहणारा माणूस ही गोष्ट मला विसरता येईना.

इथवर लिहून झाले आणि माजी विद्यार्थ्यांचे पत्ते काढायला मी शाळेच्या जुन्या कपाटात शिरलो. तिथे फीच्या पावत्यांच्या स्थळप्रती होत्या, सुतळीने बांधलेल्या. आपली तुकडी शोधावी म्हणून उघडल्या. माझे नाव सापडले. आठवी ते दहावी, तीन वर्षे. परीक्षा फी, सत्र फी, सगळी वेळेवर भरलेली. याचेच नवल वाटले, कारण आमच्याकडे वेळेवर भरली जाणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे गिऱ्हाइकाच्या सायकलीतली हवा. वडिलांचे शुक्रवार तलावाजवळ पंक्चरचे दुकान होते.

मग खालच्या 'हस्ते' या रकान्याकडे नजर गेली. तिथे वडिलांची सही नव्हती. गणिताच्या सरांची होती. मला सांगायची गरज नाही. सही जुळवणे हे माझे पोटापाण्याचे काम आहे. त्यांच्या नावातला 'र' नेहमी पळून गेल्यासारखा असे. पुढची पाने उलटली. माझ्याच तुकडीतल्या आणखी पाच-सहा पोरांपुढे तोच पळता 'र'.

सर आता नाहीत. ज्या सरांनी मला बावीसच्या पाढ्यावरून बाकावर उभे केले, त्यांच्यावर मी तीस वर्षे मनातल्या मनात राग धरून होतो.

घरी येऊन आईला विचारले. ती तांदूळ निवडत होती. "माहीत आहे ना," ती म्हणाली. "तुझे बाबा दर रविवारी त्यांच्या घरी पाच-पाच रुपये नेऊन देत. ते घ्यायला नाही म्हणत. मग हे त्यांच्या सायकलीच्या पिशवीत टाकून येत. दहावीचा निकाल लागायच्या आधी सगळे फिटले."

"मला कधी सांगितलं नाहीस?"

"तू तेव्हा सरांवर रागावून होतास."

बिनव्याजी, बिनतारण, बिनकागदी, आणि पूर्ण फिटलेले कर्ज. पंचवीस वर्षांच्या नोकरीत असे खाते मी दुसरे पाहिलेले नाही.

संगमरवर बसले आहे. पंख्यांवर नावे आहेत, वारा आला की दिसत नाहीत. आणि समितीने माझ्या हट्टापायी दहा रुपयांचेही एक पावतीपुस्तक छापून दिले आहे. दर रविवारी सकाळी ते घेऊन मी बडकस चौकापासून गांधी गेटपर्यंत हिंडतो. दहा रुपयांच्या पावतीमागे लोक तीस रुपयांचे तर्री पोहे खाऊ घालतात. शाळेचा निधी हळूहळू वाढतो आहे, माझे वजन त्याहून वेगाने.

तीन घरे अशी आहेत जिथे मी पैसे मागत नाही. फक्त बसतो, पाणी पितो, पोरांच्या वह्या पाहतो. त्यांच्या पावत्या मात्र फाटतात. 'हस्ते'च्या रकान्यात सही करताना माझाही 'र' अलीकडे थोडा पळायला लागला आहे.