मच्छरदाणीची जाळी आणि ३०२ पुरुष

आता हर्नियाकडे येऊ. नगर-मनमाड रस्त्याने वर गेलं की मालेगाव, धुळे आणि मग दोंडाईचा. तिथले सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर. पोटाच्या कमकुवत भिंतीला जाळी लावली तर हर्निया परत होण्याची शक्यता कमी होते, हे माहीत होतं. पण आपल्या ऊसतोड मजुराला ती महागडी जाळी परवडणार कशी? डॉक्टरांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं. अनेक केंद्रांवरच्या त्या चाचणीचा अहवाल २००३ साली ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त आला, शीर्षकातच ‘प्राथमिक’ असं म्हणून. हा प्रामाणिकपणा मला महत्त्वाचा वाटतो.

‘गरिबांच्या पोटात मच्छरदाणी?’ हा प्रश्न रास्तच होता. त्याला उत्तर द्यायचं तर दोन्ही जाळ्यांची तुलना हवी. ती युगांडात झाली. ३०२ पुरुष तयार झाले. कुणाला कुठली जाळी, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं, आणि आपल्या पोटात कुठली आहे हे रुग्णाला सांगितलं नाही. बघा, केवढा विश्वास! वर्षभरानंतर स्वस्त जाळीच्या गटात एकाचा हर्निया परत आला होता, महागड्या जाळीच्या गटात कुणाचाच नाही. एवढ्या फरकाला संख्याशास्त्र फरक मानत नाही. २०१६ साली हे ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलं.