रेझ्युमे आणि अर्जासोबतचे पत्र : प्रत्येक ओळीमागे पुरावा हवा

नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या उमेदवाराची नियोक्त्याशी पहिली भेट कागदावरच होते. तो कागद वाचणाऱ्याला एकाच प्रश्नाचे उत्तर हवे असते : जाहिरातीत सांगितलेले काम ही व्यक्ती करू शकेल काय? या प्रश्नाशी संबंध नसलेला मजकूर कितीही खरा असला तरी अर्जाला बळ देत नाही. आणि संबंध असलेला मजकूर सिद्ध करता आला नाही, तर तोच पुढे अडचणीचा ठरतो.

बायोडेटा, रेझ्युमे आणि सीव्ही

हे तीन शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात. मात्र त्यांत भेद आहे. बायोडेटामध्ये जन्मतारीख, वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती असा वैयक्तिक तपशील प्रधान असतो. विवाह जुळविताना दिला जाणारा कागदही याच नावाने ओळखला जातो. रेझ्युमे हा विशिष्ट पदासाठी तयार केलेला एक-दोन पानांचा सारांश होय. सीव्ही अर्थात करिक्युलम व्हिटे हा प्रामुख्याने अध्यापन व संशोधन क्षेत्रात मागितला जातो. त्यात शोधनिबंध, परिषदा, अध्यापनाचा अनुभव यांची सविस्तर नोंद असल्याने तो अधिक पानांचा असू शकतो.

खासगी आस्थापनांकडे पाठविण्याच्या रेझ्युमेत धर्म, जात, वैवाहिक स्थिती किंवा पालकांचा व्यवसाय लिहिण्याची सामान्यतः आवश्यकता नसते. सरकारी भरतीचे नियम वेगळे आहेत. संघ लोकसेवा आयोग, कर्मचारी निवड आयोग आदी संस्थांच्या भरतीत विहित नमुन्यातील अर्जच ग्राह्य धरला जातो. वय, प्रवर्ग आणि पात्रतेचा तपशील अधिसूचनेनुसारच भरावा लागतो.

मजकुराची मांडणी

प्रारंभी नाव, भ्रमणध्वनी क्रमांक, ईमेल आणि राहण्याचे शहर द्यावे. त्याखाली दोन-तीन ओळींत आपली पात्रता सांगावी. अनुभवी उमेदवाराने अलीकडची नोकरी प्रथम लिहावी. नवपदवीधराने शिक्षण, प्रकल्प व प्रशिक्षण यांना अग्रस्थान द्यावे. आयटीआय उत्तीर्ण उमेदवाराने ट्रेड, शिकाऊ उमेदवारीचा कालावधी आणि हाताळलेली यंत्रे यांचा स्पष्ट उल्लेख करावा.

अनुभव लिहिताना पदापेक्षा प्रत्यक्ष काम महत्त्वाचे ठरते. उदाहरणार्थ, ‘विक्री विभागात दोन वर्षे काम केले’ या वाक्यातून फारसे काही कळत नाही. ‘दोन तालुक्यांतील ४० दुकानांच्या मागणीची नोंद, मालाचा पुरवठा आणि थकबाकीची वसुली सांभाळली’ या वाक्यातून कामाचा आवाका लक्षात येतो. ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’ यांसारखी विशेषणे कोणीही लिहू शकतो. आकडे व कामे ज्याची त्यालाच लिहिता येतात.

अनेक मोठ्या कंपन्यांत अर्जांची पहिली छाननी संगणकप्रणालीद्वारे होते. ही प्रणाली जाहिरातीतील पात्रता व कौशल्यांचे शब्द रेझ्युमेत शोधते. त्यामुळे जाहिरातीत ‘टॅली’ असा उल्लेख असेल आणि उमेदवाराला ते येत असेल, तर केवळ ‘संगणकाचे ज्ञान’ असे न लिहिता तोच शब्द वापरावा. सजावटीचे रकाने, चित्रे आणि चौकटी टाळाव्यात, कारण त्यांतील मजकूर प्रणालीला नीट वाचता येईलच असे नाही.

नाव आणि गुण

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव प्रथम येते, तर पॅन वा आधारवर नावाचा क्रम बहुधा निराळा असतो. विवाहानंतर नाव बदललेल्या महिलांच्या कागदपत्रांतही तफावत आढळते. एकच नाव सर्वत्र वापरून बदलाचा पुरावा, जसे विवाह प्रमाणपत्र अथवा राजपत्रातील प्रसिद्धी, हाताशी ठेवावा. श्रेणीगुण लिहिताना ते १० पैकी की ४ पैकी हे नमूद करावे. टक्केवारी द्यायची असल्यास आपल्या विद्यापीठाचेच रूपांतरसूत्र वापरावे.

अर्जासोबतचे पत्र

हे पत्र म्हणजे रेझ्युमेची पुनरुक्ती नव्हे. पहिल्या परिच्छेदात पद व जाहिरातीचा संदर्भ, दुसऱ्यात त्या पदाशी जुळणारी दोन-तीन कामे आणि शेवटी रुजू होण्याची शक्यता व संपर्क, एवढे पुरेसे असते. एका पानापेक्षा अधिक लिहू नये.

या लेखनाचे एक जुने उदाहरण प्रसिद्ध आहे. लिओनार्दो दा विंची यांनी १४८२च्या सुमारास मिलानचे सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा यांना उद्देशून लिहिलेल्या पत्राचा मसुदा उपलब्ध आहे. त्यात वाहून नेता येण्याजोगे पूल, तोफा आणि वेढ्याची साधने यांची क्रमवार माहिती असून चित्रकलेचा उल्लेख अगदी अखेरीस येतो. युद्धाच्या चिंतेत असलेल्या राज्यकर्त्याची गरज ओळखून हा क्रम ठरविलेला दिसतो.

पडताळणी आणि सावधगिरी

कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या सार्वत्रिक खाते क्रमांकाशी नोकरीत रुजू होण्याच्या व सोडण्याच्या तारखा जोडलेल्या असतात. त्यामुळे अनुभवाचा कालावधी वाढवून लिहिल्यास तो उघड होऊ शकतो. खंड पडला असल्यास आजारपण, अपत्यसंगोपन वा परीक्षेची तयारी असे कारण एका ओळीत द्यावे. ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये, नियोक्त्याला दिलेली माहिती सत्य असावी व त्यात काही दडविलेले नसावे, हे तत्त्व स्पष्ट केले आहे.

रेझ्युमेवर आधार, पॅन किंवा बँक खात्याचा क्रमांक लिहू नये. केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या राष्ट्रीय करिअर सेवा पोर्टलवर उमेदवारांना विनामूल्य नोंदणी करता येते. मुलाखत वा नियुक्तिपत्रासाठी कोणी पैसे मागितल्यास ती धोक्याची सूचना समजावी. ऑनलाइन आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. परदेशातील नोकरीसाठी भरती करणारा प्रतिनिधी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे काय, हे आधी तपासावे.

अर्ज पाठविण्यापूर्वी जाहिरात आणि रेझ्युमे शेजारी ठेवून वाचावेत. जाहिरातीतील प्रत्येक प्रमुख अटीसाठी रेझ्युमेत एक ओळ आणि त्या ओळीसाठी एक कागद किंवा एक सांगता येण्याजोगे काम असावे. जिथे तसे नसेल, ती ओळ काढून टाकावी.