कागदी मुलाचं कूळ

अमेरिकेतल्या चिनी समाजात ‘कागदी मुलगा’ हा शब्द कुठून आला, याचं एक ठरलेलं उत्तर आहे. एप्रिल 1906 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला, आगीत जन्मनोंदींचं दफ्तर जळालं, अनेक चिनी पुरुषांनी ‘आमचा जन्म इथलाच’ म्हणून नागरिकत्व सांगितलं आणि पुढे दुसऱ्यांची मुलं स्वतःची म्हणून चीनमधून आणली. कथा नेटकी आहे, पण तिच्यात एक गोम आहे. ही मुलं जन्मली ग्वांगडोंगच्या खेड्यांत. त्यांची नोंद सॅन फ्रान्सिस्कोच्या दफ्तरात आगीआधीही नव्हती. आगीने फार तर बाप पुरवले; मुलाचं कूळ शोधायचं तर कायद्याकडेच जावं लागतं.

1882 च्या कायद्याने चिनी मजुरांना दार बंद झालं आणि 1884 मध्ये न्यायालयाने मजुराच्या बायकोलाही मज्जाव केला. संसार कायमचा समुद्रापलीकडे राहिला. नवरा काही वर्षांनी गावी जाई, परत येताना ‘मुलगा झाला’ असं अधिकाऱ्यांना सांगे. नागरिकाचं परदेशी जन्मलेलं मूलही नागरिक, हा नियम जुनाच होता. अमेरिकेत जन्मलेला चिनी माणूस नागरिकच, हे वाँग किम आर्कच्या खटल्यात 1898 मध्ये पक्कं झालं. म्हणजे आगीच्या 8 वर्षं आधीच सगळी जुळणी तयार होती. बायकोला येऊ दिलं असतं तर मुलं सॅन फ्रान्सिस्कोतच जन्मली असती, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पाहिली असती. ताटातुटीमुळे मुलाच्या जन्माला पुरावा उरला तो मुख्यतः बापाचा शब्द. सांगितलेला पण प्रत्यक्षात नसलेला मुलगा म्हणजे एक रिकामी जागा, आणि ती जागा विकता येत होती. आगीनंतर जन्माचे दावे वाढले, असा आक्षेप येईल. वाढले, हे खरंच. पण साक्षीदारांच्या तोंडी पुराव्यावर इथला जन्म मान्य होण्याची वाट न्यायालयांनी 1906 च्या आधीच उघडली होती. आगीने ती रुंद केली.

माझ्या मते खरी खूण दुसऱ्याच शब्दात आहे. 1910 पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातल्या एंजल बेटावरच्या स्थलांतर केंद्रात मुलाची आणि बापाची वेगवेगळी उलटतपासणी होई: घराला पायऱ्या किती, विहीर कुठे, तांदळाचं भांडं कुठल्या खोलीत, शेजारच्या रांगेत घरं किती. उत्तरं पाठ करण्यासाठी वही असे; जहाजावर घोकून ती समुद्रात टाकायची. तिचं कँटनीज नाव होतं ‘हाउ-गुंग’ कागद. हाउ-गुंग म्हणजे आरोपीचा तोंडी जबाब, चिनी न्यायासनापुढचा जुना शब्द. आपल्याच घराच्या पायऱ्या सांगण्याला लोकांनी आरोपीच्या जबाबाचं नाव दिलं. ‘जबाब’ हा साधा अर्थच अभिप्रेत होता, असं कुणी म्हणेल. पण साध्या बोलण्याला इतर शब्द होते. शिवाय सख्ख्या मुलालाही तीच वही घोकावी लागे, कारण एखादी पायरी चुकली तर तोही खोटा ठरे.

1943 मध्ये बंदी उठली, तरी वर्षाला 105 माणसांचीच मुभा मिळाली. 1956 पासून सरकारने कबुलीची मोहीम काढली. 13 हजारांहून अधिक जणांनी खरं नाव सांगितलं. बाकीचे कागदावरचं नाव घेऊनच गेले. कित्येक थडग्यांवर इंग्रजीत ते नाव आहे, आणि शेजारी चिनी अक्षरांत घराण्याचं खरं आडनाव.