संयुक्त महाराष्ट्र समिती आणि १९५७ ची निवडणूक (पुणे)

संयुक्त महाराष्ट्र समिती ही मुंबईसह मराठी भाषिकांचे एक राज्य व्हावे, या मागणीसाठी पुण्यात ६ फेब्रुवारी १९५६ रोजी स्थापन झालेली अनेक पक्षांची संघटना होती. रस्त्यावरील चळवळ आणि १९५७ ची सार्वत्रिक निवडणूक या दोन्ही मार्गांनी समितीने ही मागणी लढवली. पुणे शहर हे या लढ्याचे मुंबईखालोखाल महत्त्वाचे केंद्र होते.

पार्श्वभूमी

१९४६ मध्ये बेळगाव येथील साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला आणि पुढे शंकरराव देव यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त महाराष्ट्र परिषद काम करू लागली. परिषदेचा भर ठराव, निवेदने आणि वाटाघाटींवर होता. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात विदर्भाचे वेगळे राज्य आणि उर्वरित मराठी प्रदेश व गुजरात मिळून द्विभाषिक मुंबई राज्य सुचवले. त्यामुळे महाराष्ट्रात असंतोष उसळला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटन परिसरात मोर्चावर गोळीबार झाला. १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाल्यावर पुन्हा गोळीबार झाले. या चळवळीत शंभरहून अधिक जणांनी प्राण गमावले.

पुण्यात पक्षभेद बाजूला ठेवून एकत्र येण्याचा अनुभव याआधीच मिळाला होता. गोवामुक्तीसाठी १९५४-५५ मध्ये येथे गोवा विमोचन सहायक समिती कार्यरत होती. केशवराव जेधे आणि जयंतराव टिळक हे तिच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकी होते, तर नानासाहेब गोरे यांनी मे १९५५ मध्ये सत्याग्रहींच्या तुकडीचे नेतृत्व केले. नारायण पेठेतील केसरी वाडा, म्हणजे लोकमान्य टिळकांचे निवासस्थान व ‘केसरी’चे कार्यालय, हे शहराच्या राजकीय जीवनाचे जुने केंद्र होते.

समितीची स्थापना

परिषदेच्या मार्गाने लढा पुढे जात नाही, अशी भावना बळावल्यावर टिळक स्मारक मंदिरात केशवराव जेधे यांच्या अध्यक्षतेखाली बैठक होऊन समितीची स्थापना झाली. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आदी पक्ष तीत सामील झाले. एस. एम. जोशी हे सरचिटणीस झाले. परस्परांचे वैचारिक विरोधक असलेले पक्ष केवळ एका मागणीसाठी एकत्र आले, हेच समितीचे बळ होते आणि हीच तिची मर्यादाही होती.

निवडणूक

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ, मराठवाडा, गुजरात, सौराष्ट्र व कच्छ यांसह विशाल द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले आणि यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. त्यानंतर काही महिन्यांतच झालेल्या निवडणुकीला पश्चिम महाराष्ट्रात सार्वमताचे रूप आले.

पुणे लोकसभा मतदारसंघात नानासाहेब गोरे यांनी काँग्रेसचे काकासाहेब गाडगीळ यांचा पराभव केला. गाडगीळ हे संयुक्त महाराष्ट्राचे विरोधक नव्हते. मुंबईचा प्रश्न न सुटल्यास तो मुंबईच्या रस्त्यांवर सोडवला जाईल, असा इशारा त्यांनीच लोकसभेतील चर्चेत दिला होता. तथापि पक्षशिस्त पाळून ते काँग्रेसमध्येच राहिले. मतदारांनी व्यक्तीच्या मतापेक्षा पक्षाच्या भूमिकेला कौल दिला, याचे हे ठळक उदाहरण होय. विधानसभेसाठी शुक्रवार पेठ मतदारसंघातून एस. एम. जोशी विजयी झाले. अन्यत्र आचार्य अत्रे, श्रीपाद अमृत डांगे व नाना पाटील हेही निवडून आले.

राज्यात मात्र ३९६ पैकी २३४ जागा जिंकून काँग्रेसने सत्ता राखली. पश्चिम महाराष्ट्रातील हानी गुजरात, विदर्भ व मराठवाड्यातील जागांनी भरून निघाली. गुजरातमध्येही महागुजरातची मागणी जोर धरत होती व तिचे नेते इंदुलाल याज्ञिक अहमदाबादमधून लोकसभेवर निवडून गेले.

परिणाम

३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंतप्रधान नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण करण्यास आले, तेव्हा समितीने मार्गावर मोठी निदर्शने केली. मतपेटीतील यशानंतरही सत्ता न मिळाल्याने चळवळ पुन्हा रस्त्यावर आली होती; परंतु निदर्शने शांततेत पार पडली. द्विभाषिक राज्य दोन्ही भाषिकांना नको आहे, हे काँग्रेस नेतृत्वाने अखेर मान्य केले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये निर्माण झाली. बेळगाव, कारवार आदी सीमाभाग बाहेरच राहिला. मुख्य मागणी पूर्ण होताच घटक पक्षांतील मतभेद उघड झाले आणि समितीची एकजूट टिकली नाही.